‘आधी बघितलं होतं की!’

सांगलीत बसून गेली २६ वर्षं मी छोट्या संस्थांसाठी प्रोग्रॅम लिहिते: पतसंस्था, वाचनालयं, मंगल कार्यालयं, एखादी शाळा. त्यामुळे या सदराकडे येणारी पत्रंही तशाच ठिकाणांहून येतात. या महिन्यातल्या बहुतेक पत्रांचं दुखणं एकच निघालं. लोक वेबसाइटवर फॉर्म भरतात, फॉर्म ‘धन्यवाद’ म्हणतो, आणि डेटाबेसात भलतंच काहीतरी जाऊन बसतं. सहा पत्रं निवडली आहेत. पहिल्याला जागा जास्त दिली आहे, कारण त्या चुकीची किंमत मी स्वतः मोजली आहे.

प्रश्न : ताई, मी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या गावच्या हायस्कूलच्या माजी विद्यार्थ्यांचा मेळावा आहे, त्याचा नोंदणी फॉर्म मी पीएचपी या भाषेत आणि मायएसक्यूएल या डेटाबेसात केला. एका मोबाइल नंबरवर एकच नोंदणी असा नियम आहे. फॉर्म आला की मी आधी सिलेक्ट करून नंबर टेबलात आहे का ते बघते, नसेल तरच इन्सर्ट करते, म्हणजे नवी ओळ घालते. तरीही ४१२ नोंदींत ११ नंबर दोनदा आलेत. ट्रान्झॅक्शन लावूनही बघितलं. आमचे सर म्हणतात कोड बरोबर आहे. मग चुकतंय कुठे? (विद्यार्थिनी, सातारा)

उत्तर : तुझ्या सरांचं म्हणणं खरं आहे, फक्त एका वेळी एकच माणूस फॉर्म भरत असेल तर. तू पुढे लिहिलं आहेस की लिंक रात्री ९ वाजता व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकली आणि गावात रेंज यथातथाच आहे. मग काय झालं असणार ते सांगते. कुणीतरी बटण दाबलं, चक्र फिरत राहिलं, त्याने वैतागून पुन्हा दाबलं. दोन मागण्या सर्व्हरवर मागोमाग पोचल्या. पहिलीने टेबलाला विचारलं, हा नंबर आहे का? नाही. दुसरीनेही विचारलं. पहिलीचं इन्सर्ट अजून व्हायचं होतं, म्हणून तिलाही ‘नाही’च ऐकू आलं. मग दोघींनी आपापली ओळ लिहिली. दोघीही नियमाने वागल्या, आणि नियम मोडला.

ट्रान्झॅक्शनवर सगळ्यांचाच भाबडा विश्वास असतो. माझाही होता. पण एकाच वेळी चालणारी ट्रान्झॅक्शन एकमेकांपासून किती वेगळी ठेवायची याच्या पातळ्या असतात. मायएसक्यूएल आपणहून ज्या पातळीवर चालतं, ती रिपीटेबल रीड, तिथे साधं सिलेक्ट कुणालाही अडवत नाही. ते आपल्यापुरतं एका क्षणाचं चित्र घेऊन बसतं. पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसाची नेहमीची पातळी वेगळी, रीड कमिटेड, पण या बाबतीत निकाल तोच. ‘सगळं होईल नाहीतर काहीच होणार नाही’ एवढं ट्रान्झॅक्शन सांगतं. ‘मी बघितल्यापासून लिहीपर्यंत मध्ये कुणी येणार नाही’ असं ते म्हणत नाही.

आता माझी गोष्ट. २०११ साली सांगली-मिरज रस्त्यावरच्या एका मंगल कार्यालयाला मी बुकिंगचा प्रोग्रॅम करून दिला. दोन कॉम्प्युटर होते. एक कार्यालयात, तिथे मालक बसायचे, आणि एक त्यांच्या घरी, तिथे धाकटे भाऊ. तारीख निवडली की मोकळी असेल तर हिरवा चौकोन दिसायचा. मे महिन्यातला एक मुहूर्त होता, सगळ्यांनाच हवा असलेला. कार्यालयात एक कुटुंब आलं. मालकांनी हिरवा चौकोन बघितला आणि मग आचारी कुणाचा, मांडव किती, गाड्या कुठे लावायच्या, यावर अर्धा तास घासाघीस चालली. तेवढ्यात भावाच्या घरी दुसरं कुटुंब. त्यांनाही हिरवाच. दोन्हीकडे ॲडव्हान्स घेतला गेला, दोन्हीकडे ‘सेव्ह’ दाबलं गेलं, आणि माझ्या प्रोग्रॅमने दोन्हीकडे मोठ्या प्रेमाने पावती छापून दिली.

उघडकीला आलं दीड महिन्याने, म्हणजे दोन्ही घरच्या पत्रिका छापून झाल्यावर. मुलीकडचे, मुलाकडचे, दोन्ही लग्नांतले मामा, सगळे एका खोलीत. मालक भावाला म्हणाले, बघितलं नाहीस का? भाऊ म्हणाला, आधी बघितलं होतं की! मग दोघांनी माझ्याकडे बघितलं, आणि माझ्याही तोंडून तेच निघालं: प्रोग्रॅम आधी बघतो की. शेवटी मालकांनी एका कुटुंबाला दुसरं कार्यालय स्वतःच्या पैशाने घेऊन दिलं. माझे राहिलेले पैसे मी मागितले नाहीत.

घरी येऊन मी काय केलं? ‘सेव्ह’ दाबल्यावर पुन्हा एकदा तपासणी घातली, आणि त्याने भागेल असं समजले. म्हणजे अगदी तुझा कोड. त्याने अर्ध्या तासाची फट काही मिलिसेकंदांवर आली, बुजली नाही. कार्यालयात दिवसाला दोन बुकिंगं होतात, तिथे ती फट कुणाला सापडणार नाही. तुझ्याकडे एका लिंकवर रात्री शेकडो माणसं तुटून पडली, त्यांना सापडली.

ती बुजवायची एकच जागा आहे, ती म्हणजे टेबल. मोबाइलच्या रकान्यावर युनिक इंडेक्स लाव. मग दोन इन्सर्ट एकदम आले तरी डेटाबेस एकालाच आत घेतो, दुसऱ्याला परत पाठवतो. पण आत्ता लावायला गेलीस तर तो लागणारच नाही, कारण ११ नंबर आधीच दोनदा आहेत. आधी मोबाइलच्या रकान्यावर ग्रुप बाय करून, म्हणजे सारखे नंबर एकत्र आणून, ज्यांची मोजणी एकापेक्षा जास्त आहे ते नंबर काढ. ते डोळ्यांनी बघ. ‘जुनी ओळ ठेवा, नवी उडवा’ असं आंधळेपणाने करू नकोस. कदाचित एखाद्याने दुसऱ्या वेळी जेवणाऱ्यांची संख्या सुधारून भरली असेल.

इंडेक्सला नाव तू स्वतः दे. दुसरी ओळ आली की मायएसक्यूएल १०६२ नंबरची चूक देतं आणि संदेशात त्या इंडेक्सचं नाव असतं. त्यावरून कोणत्या नियमावर अडलं ते कळतं. पोस्टग्रेसमध्ये याच चुकीचा कोड २३५०५. तेवढीच चूक पकडायची आणि माणसाला सांगायचं, ‘हा नंबर आधीच नोंदवलेला आहे.’ बाकीच्या चुका पकडून गिळू नकोस. सर्व्हर जुना असेल आणि तू पीडीओ (पीएचपीला डेटाबेसाशी जोडणारा भाग) वापरत असशील तर आणखी एक बघून घे: पीएचपी ८ च्या आधी पीडीओ चूक झाली तरी डीफॉल्टने गप्प बसायचा. एक्सेप्शन टाक असं त्याला वेगळं सांगावं लागायचं. इंटरनेटवर कुणीतरी ‘इन्सर्ट इग्नोर’ वापर असं सांगेलच. नको. ते नुसत्या दुबार ओळी सोडत नाही, इतर चुकांवरही पांघरूण घालतं. रकान्यात न मावणारं नाव गुपचूप कापून ठेवतं.

मग आधीचं सिलेक्ट काढून टाकायचं का? राहू दे. माणूस नंबर टाकून पुढच्या रकान्यात गेला की लगेच ‘तुमची नोंद झालेली आहे’ म्हणणं ही सभ्यता आहे. नियम पाळायचं काम मात्र त्याच्यावर सोपवायचं नाही. (आणि ही सभ्यताही प्रत्येक ठिकाणी चालत नाही. मेळाव्याला ठीक. एका व्यसनमुक्ती केंद्राचा फॉर्म मी बघितला होता, त्यात शेजाऱ्याचा नंबर टाकला की ‘हा नंबर आधीच नोंदलेला आहे’ असं उत्तर यायचं! अशा ठिकाणी सगळ्यांना एकच उत्तर द्यायचं, आणि खरं काय ते त्या नंबरवर एसएमएस करून कळवायचं.)

युनिक इंडेक्स लावलास तरी एक काम उरतं. त्याला अक्षरं कळतात, नंबर कळत नाही. शून्य लावून लिहिलेला, अधिक ९१ लावलेला, मध्ये जागा सोडलेला आणि मराठी आकड्यांत टाइप केलेला, हे त्याच्या दृष्टीने चार वेगळे नंबर. मराठी कीबोर्ड चालू असलेले काका-काकू मराठी आकडेच टाकणार, आणि त्यांना ‘फक्त अंक टाका’ असं लाल अक्षरांत सांगणं हा उद्धटपणा आहे. त्यांनी अंकच टाकलेत. गंमत अशी की पॅटर्न तपासताना ‘अंक’ म्हणून जी खूण देतात, ती पायथनमध्ये मराठी आकडे चालवून घेते आणि जावास्क्रिप्टमध्ये नाकारते. तू सर्व्हरवर आधी सगळं इंग्रजी आकड्यांत आण, मोकळ्या जागा आणि अधिकचं चिन्ह काढ, आकडे १० पेक्षा जास्त असतील तरच पुढचं शून्य किंवा ९१ काढ, १० आकडे उरले आणि पहिला ६ ते ९ मधला आहे ना ते बघ, आणि मग टेबलात घाल. साठवायचं ते एकाच रूपात.

शेवटचं, कोडबाहेरचं. एका नंबरवर एकच नोंदणी हा नियम मेळाव्याला खरंच लागू होतो का? एकाच वर्गातले दोघं पुढे नवरा-बायको झाले असतील आणि फोन एकच वापरत असतील तर? तुझ्या ११ मध्ये तसं एखादं जोडपं असेल तर ती दुबार नोंद नाही. त्यापेक्षा ‘किती जण येणार’ आणि त्यांची नावं असा भाग फॉर्ममध्ये घाल. नंबर एकच राहील आणि दोघांना चहाही मिळेल.

प्रश्न : देवगडजवळ आमची हापूसची बाग आहे. मुलाने ऑर्डरसाठी वेबसाइट करून दिली. गेल्या हंगामात एका गिऱ्हाइकाने ५ डझनी पेटी ५ रुपयांत घेतली! पैसे ऑनलाइन जमा झाले, पावतीवरही ५ रुपयेच. मुलगा म्हणतो साइट हॅक झाली. (बागायतदार, सिंधुदुर्ग)

उत्तर : हॅक वगैरे काही नाही, काका. मुलाला विचारा, फॉर्ममध्ये दर लपवलेल्या रकान्यात ठेवलाय का? ठेवला असणार. लपवलेला म्हणजे पडद्यावर न दिसणारा, एवढंच. ब्राउझरमध्ये एफ१२ दाबलं की तो समोर येतो आणि कुणालाही बदलता येतो. त्या गिऱ्हाइकाने तुमच्या पेटीवर स्वतःच दराची चिठ्ठी लिहिली आणि तुमच्या मुलाच्या प्रोग्रॅमने ती वाचून तेवढेच पैसे मागितले.

ब्राउझरमधून दर येऊच द्यायचा नाही. कोणती पेटी आणि किती नग, एवढंच घ्यायचं. ती पेटी आपल्या टेबलात आहे का आणि आज विक्रीला आहे का ते बघायचं, आणि दर तिथूनच उचलायचा. नग एकपेक्षा कमी नको. उणे २ पेट्या मागवून बेरीज कमी करणारेही महाभाग असतात. ऑर्डर पक्की करताना त्या दिवशीचा दर ऑर्डरच्या ओळीतही लिहून ठेवा. मार्चमध्ये घेतलेल्या पेटीचं बिल मे महिन्यात पुन्हा छापलं आणि ते उतरलेल्या दराने निघालं, तर वेगळं भांडण.

शिल्लक पेट्यांचंही तेच. १० पेट्या आहेत का ते आधी वाचून मग वजा करू नका. एकाच अपडेटमध्ये सांगा: शिल्लक मागणीइतकी किंवा जास्त असेल तरच वजा कर. मग किती ओळी बदलल्या ते विचारा. एक आली तर पेटी मिळाली, शून्य आलं तर संपली. शिल्लक शून्याखाली जाऊ नये अशी चेक अटही टेबलावर घाला, पण सर्व्हरवर मायएसक्यूएल कितवं आहे ते बघून. ८.०.१६ च्या आधीची मायएसक्यूएल चेक अट लिहून घ्यायची, चूकही दाखवायची नाही, आणि पाळायची मुळीच नाही. २०१९ पर्यंत कितीतरी लोक आपल्या टेबलावर पहारा आहे असं समजून निवांत झोपले होते, त्यांतली एक मी.

प्रश्न : वसईतल्या एका वाचनालयाचा मी सचिव. सभासद नोंदणीच्या फॉर्ममध्ये इंग्रजीत डिसोझा, डिमेलो, डिसिल्वा ही आडनावं घातली की फॉर्म अडकतो. करणारा म्हणतो, डी अक्षरानंतरची ती वरची खूण काढून नाव लिहा. आमच्याकडे निम्मे सभासद याच आडनावांचे. त्यांनी आपलं नाव बदलायचं? (सचिव, वसई)

उत्तर : मुळीच नाही. आणि फॉर्म अडकतोय ही तक्रार छोटी आहे. त्यामागचं भोक मोठं आहे. एसक्यूएलमध्ये, म्हणजे डेटाबेसाला हुकूम द्यायच्या भाषेत, मजकूर ज्या एकेरी खुणांमध्ये लिहितात, तीच ही खूण. तुमच्या माणसाने नाव थेट वाक्यात चिकटवलंय. डी आला, खूण आली, डेटाबेसला वाटलं नाव संपलं, आणि ‘सोझा’ म्हणजे काय हुकूम आहे ते त्याला कळेना. साध्या नावाने फॉर्म अडकतो, तर मुद्दाम लिहिलेल्या मजकुराने तुमचा सगळा सभासद-तक्ता बाहेर काढता येतो. याला एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात. जेफ फॉरिस्टल यांनी १९९८ साली ‘फ्रॅक’ या हॅकर मंडळींच्या नियतकालिकात याबद्दल लिहिलं होतं. त्याला पाव शतक होऊन गेलं, आणि वसईत अजून डिमेलोंना फॉर्म भरता येत नाही.

उपाय प्रिपेअर्ड स्टेटमेंट. वाक्य आधी द्यायचं, जिथे नाव यायचं तिथे प्रश्नचिन्ह, आणि नाव नंतर वेगळं पाठवायचं. मग नावात काहीही असो, ते नावच राहतं. तुमचा माणूस जर म्हणाला की मी खुणेआधी तिरकी रेघ घालतो, तेवढं पुरे, तर त्याला विचारा पीएचपी कितवी आहे. मायएसक्यूएलसाठीची जुनी फंक्शनं पीएचपी ७ मधून २०१५ सालीच काढून टाकली आहेत. प्रिपेअर्ड स्टेटमेंट त्याआधीपासून आहेत. सबब चालणार नाही.

हे झाल्यावर तुम्हाला दुसरं पत्र लिहावं लागू नये म्हणून आत्ताच सांगते. फोनच्या कीबोर्डवर ती खूण बरेचदा वाकडी पडते, कॉम्प्युटरवर सरळ. डेटाबेसाला त्या दोन वेगळ्या खुणा. काउंटरवरच्या बाई सरळ खूण टाकून शोधतील आणि फोनवरून नोंदलेले डिसोझा सापडणार नाहीत. साठवताना नाव सभासदाने लिहिलं तसंच ठेवा. शोधण्यासाठी शेजारी एक रकाना करा, त्यात दोन्ही खुणा काढून, सगळं लहान अक्षरांत. शोध त्या रकान्यात घ्यायचा, कार्डावर नाव पहिल्या रकान्यातलं छापायचं.

प्रश्न : आम्ही शेतकरी उत्पादक कंपनीसाठी नोंदणी करतो. गावांची यादी डेटाबेसात आहे, शेतकऱ्याने टाइप केलेलं गाव त्या यादीशी जुळवतो. ‘कुऱ्हा’ हे गाव यादीत आहे, डोळ्यांना दिसतंय, तरी काही फोनवरून भरलं की ‘गाव सापडलं नाही’ येतं. अक्षर अन् अक्षर तेच आहे! (संगणकचालक, अकोला)

उत्तर : दिसायला तेच, आतून नाही. हे पत्र वाचून मला फार आनंद झाला, कारण हे दुखणं अस्सल आपलं आहे. इंग्रजी पुस्तकांत याचं औषध सापडत नाही.

‘कुऱ्हा’ मधला तो चंद्रकोरीसारखा अर्धा र दोन प्रकारांनी लिहिला जातो. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, नुक्त्याचा ऱ म्हणून एक वेगळं अक्षर आहे. त्याला हलन्त जोडला की हा आकार मिळतो. दुसरी रीत म्हणजे साधा र, हलन्त आणि मग एक न दिसणारी जोडखूण, झीरो विड्थ जॉइनर. पडद्यावर दोन्ही सारखे. एक कीबोर्ड असं टाइप करतो, दुसरा तसं. डेटाबेस चिन्हांमागचे क्रमांक ताडून बघतो, आणि क्रमांक जुळत नाहीत. भरीला तिसरी रीत: साधा र आणि वेगळा नुक्ता.

तिसरीचा बंदोबस्त सोपा आहे. युनिकोड नॉर्मलायझेशनचं (एकच अक्षर लिहायच्या निरनिराळ्या रीती एका रूपात आणायच्या पद्धतीचं) एनएफसी रूप करून घेतलं की र आणि नुक्ता मिळून ऱ होतो. पीएचपीत त्यासाठी इंटल नावाचं एक्स्टेन्शन लागतं. पण न दिसणाऱ्या जोडखुणेला एनएफसी हात लावत नाही. ती तुम्हालाच बदलावी लागेल: जिथे जिथे साधा र, हलन्त आणि जोडखूण असेल, तिथे ऱ आणि हलन्त घाला. हे आधी. न दिसणाऱ्या बाकीच्या खुणा काढणं नंतर. क्रम उलटा केलात तर काय होईल? शाळेत आपल्याला दर्या आणि दऱ्या यांतला फरक शिकवायचे, आठवतं? जोडखूण आधीच काढून टाकलीत तर डोंगरातल्या दऱ्यांचा एका क्षणात समुद्र होईल. मी तो करून बघितला आहे.

हे सगळं वसईसारखंच शेजारच्या शोधरकान्यात करा, मूळ नावाला धक्का लावू नका. आणि तिथे असतानाच ‘ॲ’ चंही बघून घ्या. हे अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे आलं २००८ साली, ५.१ आवृत्तीत. त्याआधीचे लोक अ वर चंद्र देऊन काम भागवायचे, काही कीबोर्ड अजून तेच करतात. नॉर्मलायझेशन या दोघांना एक मानत नाही. ‘ॲड.’ लावणारे वकील सभासद असतील तर ते निम्मे एका नावाने आणि निम्मे दुसऱ्या नावाने बसलेले असतील.

पण खरं सांगू? एवढा खटाटोप करूनही तुमचं काम होणार नाही. बुद्रुक, बु., बु।।, बुद्रूक, खुर्द, खु. ही यादी संपत नाही. आणि समजा अक्षरं जुळली. कुऱ्हा अमरावती जिल्ह्यात आहे, जळगाव जिल्ह्यातही आहे, कुठलं घेणार? वडगावांची तर मोजदादच नको. नाव हा गावाचा पत्ता नाही. शेतकऱ्याला टाइप करू देण्याऐवजी आधी जिल्हा, मग तालुका, मग त्या तालुक्यातल्या गावांची यादी द्या, आणि टेबलात नावाऐवजी कोड साठवा. केंद्र सरकारच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीत प्रत्येक गावाला कोड आहे, तोच वापरा. उद्या दुसऱ्या एखाद्या यादीशी जुळवायची वेळ आली तर उपयोगी पडेल. शेतकऱ्याच्या टेबलातला कोड गावांच्या टेबलात असलाच पाहिजे अशी फॉरिन कीची अट घाला. यादीतून निवडायला दिलं म्हणजे यादीतलंच येईल असं धरून चालू नका. वरच्या हापूसवाल्या काकांचं वाचा.

पिनकोडवरून गाव काढू का, असं तुम्ही शेवटी विचारलंय. नका काढू. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला, तो टपाल वाटायला. ज्यांनी तो आणला ते श्रीराम भिकाजी वेलणकर आपलेच, कोकणातले, संस्कृतचे मोठे कवी. त्यांनी देशाचे विभाग पाडले ते पत्र कुठल्या टपाल कार्यालयात जाईल हे बघून. एका पिनकोडात कितीतरी गावं येतात. जिल्हा ढोबळमानाने बरोबर आहे ना, एवढं ताडून बघायला तो बरा. महाराष्ट्राचा पहिला आकडा ४, आणि गोव्याचाही ४च.

प्रश्न : आम्ही अमेरिकेतलं एक मराठी मंडळ चालवतो. पुण्याहून करून घेतलेल्या सभासद फॉर्ममध्ये दोन अडचणी: न्यू जर्सीच्या सभासदांचे झिप कोड चारच आकडी साठतात, आणि ईमेल ऐच्छिक असूनही ईमेल न भरणाऱ्या दुसऱ्या माणसाला ‘हा ईमेल आधीच आहे’ असं उत्तर येतं. (कार्यकर्ता, एडिसन)

उत्तर : पुण्याच्या माणसाने झिप कोड आकडा म्हणून साठवलाय. आपल्या पिनकोडाची सुरुवात शून्याने कधीच होत नाही, त्यामुळे इथे बसून त्याला ते सुचलं नाही. एडिसनचा ०८८१७ आकडा म्हणून ठेवला की ८८१७ उरतो. रकाना मजकुराचा करा आणि जे चार आकडी झालेत त्यांच्यापुढे शून्य लावून घ्या. ज्याची कधी बेरीज करायची नाही ती गोष्ट आकडा म्हणून ठेवू नये: झिप, मोबाइल, पॅन, घर नंबर.

ईमेलचं कारण रिकामं आणि नसलेलं यांतला फरक. न भरलेला रकाना फॉर्म रिकाम्या मजकुराच्या रूपात पाठवतो. पहिल्याचा रिकामा मजकूर टेबलात गेला. दुसऱ्याचाही तसाच आला. युनिक इंडेक्स म्हणाला, हा तर आहे. साठवण्याआधी रिकाम्याचा नल, म्हणजे ‘काहीच नाही’, करा. मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेस दोन्हीकडे युनिक रकान्यात नल कितीही चालतात. जाता जाता ईमेल लहान अक्षरांत करून साठवा.

प्रश्न : आमच्या पतसंस्थेच्या ऑनलाइन फॉर्ममध्ये पॅन तपासतो. पाचवं अक्षर आडनावाच्या पहिल्या अक्षराशी जुळलं नाही तर फॉर्म परत. गेल्या तिमाहीत परत गेलेले जवळपास सगळे अर्ज बायकांचे आहेत. सॉफ्टवेअरवाला म्हणतो नियम बरोबर आहे. (लिपिक, इचलकरंजी)

उत्तर : नियम बरोबरच आहे. व्यक्तीच्या पॅनमध्ये चौथं अक्षर पी असतं आणि पाचवं आडनावाचं पहिलं अक्षर. पण कोणतं आडनाव? पॅन काढला त्या दिवशीचं. लग्नानंतर नाव बदलून नवं कार्ड घेतलं तरी नंबर तोच राहतो. पाटलांची मुलगी मान्यांच्या घरी गेली, तिचा पॅन पाटलांचा पी घेऊनच गेला. माझाही माहेरचंच अक्षर दाखवतो.

आधी पाच अक्षरं, मग चार आकडे, मग एक अक्षर, एवढा साचा तपासा. पाचव्या अक्षराची अट काढून टाका. तुमच्याच सभासद-टेबलात तो पॅन आधी दुसऱ्या खात्यावर आहे का, हे युनिक इंडेक्सवर सोडा. नंबर खरा आहे का आणि त्याच माणसाचा आहे का, हे फॉर्मला कळणार नाही. त्यासाठी कार्ड बघावं लागतं.

आधारबद्दलही तुम्ही विचारलंय. शेवटचा आकडा व्हेरहॉफ या डच गणितज्ञाच्या पद्धतीने आधीच्या ११ आकड्यांवरून येतो. टाइप करताना एक आकडा चुकला किंवा शेजारचे दोन उलटसुलट झाले तर ती पद्धत नक्की पकडते. त्यापलीकडे ती काही सांगत नाही. आणि गरज नसेल तर आधार नंबर मागूच नका, साठवणं तर दूरच.

परत गेलेले अर्ज काढा, आणि त्या बायकांना संस्थेतून फोन जाऊ द्या. ‘पुन्हा भरा’ म्हणू नका. त्यांनी एकदा बरोबरच भरला होता.